जावईबापूंना पाणी

धान पिवळं पडायला लागलं की सगळं गाव खुशीत येतं आणि माझं पोट दुखायला लागतं. तालुक्याच्या गावी, मूलला, डॉक्टरांना दाखवून झालं. ते म्हणाले, पोटात काही नाही, ताण घेऊ नका. ताण काय मी आठवडी बाजारातून घेऊन येते? आमच्या भागात पिकलेल्या धानाचा रंग आणि त्याचा रंग एकच असतो, एवढी साधी गोष्ट आहे. पिवळ्या लोंब्या, मधून काळसर सावल्या. नुसतं धान उभं आहे की धानात कुणी बसलेलं आहे, हे धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालणाऱ्यालाही कळत नाही.

शेतात आम्ही त्याचं नाव घेत नाही. ‘मोठा’ म्हणतो, नाहीतर नुसतं ‘जनावर’. आता घरात बसले आहे म्हणून वाघ असं लिहिते आहे, आणि लिहिताना एकदा दाराकडे पाहून घेतलं.

बाकी हे दिवस देखणे असतात, नाही असं नाही. हलकं, लवकरचं धान कापून झालेलं असतं, भारी, उशिराचं धान अजून उभं. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ओळीनं निजलेल्या असतात. उभ्या धानाच्या बुडाशी, ओल्या मातीत, लाखोळीच्या डाळीचे कोंब वर आलेले असतात. सकाळी धुक्यातून तणसाचा, धानाच्या काडाचा, गोडसर वास येतो. हे सगळं मला आवडायला हवं. आवडतंही. पण मी मूळची वरोऱ्याकडची, कापसातली पोर. कापूस वेचणारी बाई वाकते, उठते, पुढे सरकते. धान कापणारी बाई एकदा वाकली की ओळ संपेपर्यंत वाकलेलीच. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आमच्या शेताचे शेजारी किसनभाऊ मला म्हणाले होते, “बाई, मधी मधी उठून उभी राह्यत जाय. वाकेल माणूस त्याले माणूस वाटत नाई.” मी हसले होते. म्हटलं, सुनेला कामचुकार करायला निघालेले पहिलेच शेजारी पाहते आहे. नंतर गावातल्या एका बाईला वाकलेली असतानाच त्यानं नेलं, आणि माझं हसणं बंद झालं.

साथीमुळे शाळा बंद होत्या त्या सालची गोष्ट मनातून जात नाही. त्या साली आमच्या घरात एक वाघ होता, आणि तो जावई होता.

माझा नवरा नरेश झाडीपट्टीतल्या नाटकांत विनोदी कामं करायचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडप पडतात आणि कडाक्याच्या थंडीत लोक पहाटेपर्यंत नाटक बघतात. त्या साली मंडप पडणार नाहीत, हे पावसाळ्यातच कळलं. हसवणारा माणूस घरी बसला की घराची काय दशा होते ते विचारू नका. भिंतीशी भांडायचा. शेवटी त्यानं बाहुल्या केल्या, हातात घालायच्या. कागद भिजवून, मेथी वाटून त्याचा लगदा केला, त्याची डोकी केली. वाघाचं अंग माझ्या पिवळ्या चादरीचं, मिशा झाडूच्या काड्यांच्या, डोळे जुन्या कोटाच्या बटणांचे. त्याचं नाव पट्टेराव. पट्टेरावाची सासू भागाबाई, तिला माझा हात आणि माझा आवाज. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण आमच्याकडे सासूच त्या ग्रहाला लागलेली होती.

मोबाईलवर काढलेले या बाहुल्यांच्या खेळाचे भाग चंद्रपूरच्या एका केबलवाल्यानं रोज संध्याकाळी दाखवायला सुरुवात केली. गोष्ट काय, तर पट्टेराव सासुरवाडीला येतो आणि जात नाही. करंज्या चोरतो, बाजेवर लोळतो, मिशा विंचरतो. भागाबाई त्याला पाण्यात पाहते, पण तोंडावर मान देते. तिचा एक दंडक होता: जावयाला पाठ दाखवायची नाही, घराचं नाक कापलं जातं. त्यामुळे पट्टेरावासमोरून निघताना घरातलं प्रत्येक माणूस उलटं चालत जायचं आणि मागच्या माठावर, चुलीवर, एकमेकांवर आदळायचं. लोक पोट धरून हसायचे. गावातली पोरं दिवसभर उलटी चालायची. आमची जान्हवी तेव्हा पाच वर्षांची. आम्ही तिला जानू म्हणतो. ती तर मोरीपर्यंतसुद्धा उलटी जायची.

किसनभाऊंना मात्र ते आवडलं नव्हतं. गावाच्या शिवेवर वाघदेवाचा दगड आहे, त्याला शेंदूर लावणाऱ्यांतले ते. अंगणात आले, उभ्यानंच म्हणाले, “नरेश, त्याले हासू नोको बाप्पा. त्याले कोणी हासलं का तो पाहाले येते.”

नरेश म्हणाला, “भाऊ, हा चादरीचा हाय.”

“त्याले मालूम हाय का, हा चादरीचा हाय म्हणून?”

किसनभाऊ चहा न घेता गेले. मला ते खटकलं, पण मी त्यांचं मनावर घेतलं नाही. मी वरोऱ्याची, शिकलेली. आमच्यात देवाला घाबरतात, दगडाला नाही.

मग नागपूरहून एका मॅडमचा फोन आला. टीव्हीवर मुलांची शाळा सुरू होती, त्यांना बाहुल्या हव्या होत्या. याच हव्या होत्या, कारण मुलं यांचं ऐकतात. मॅडम भली बाई होती. फक्त तिच्या अटी होत्या. सासूनं ओरडायचं नाही, लाटणं घ्यायचं नाही, जावयानं चोरी करायची नाही. म्हणून आम्ही भागाबाईचे केस विंचरले, तिला धुतलेलं लुगडं नेसवलं आणि सकाळपुरती ती भागाआजी झाली. पट्टेरावाला चष्मा लावला. सकाळी तो क, ख, ग शिकवायचा आणि संध्याकाळी त्याच तोंडानं करंज्या पळवायचा.

मोठ्यांना ते दोन कार्यक्रम वाटत. मुलांना ते एकच घर वाटे. सकाळी मोजायला शिकलेला पट्टेराव संध्याकाळी पुऱ्या मोजून खायचा. संध्याकाळचा मानपान सकाळच्या धड्यात यायचा. आम्हीही मुद्दाम तसं करायचो, त्यात गंमत होती. मॅडमना ‘चांगल्या सवयी’ हव्या होत्या, तेव्हा आम्ही धडा केला: पाहुणे आले तर काय करायचं. आधी दोन्ही हातांनी गडूभर पाणी द्यायचं. मग वाकून पाया पडायचं. मग म्हणायचं, बसा जी. पाहुणा अर्थातच पट्टेराव. जानूनं तो धडा पाठ केला. दूधवाला आला तरी त्याला गडू मिळायचा आणि बिचाऱ्याच्या पायावर डोकं.

मला कधीकधी वाटतं, भीती ही शिकवावी लागत नाही असं आपण धरून चालतो. आई अंधाराकडे बघून गप्प झाली की मूल समजतं. विस्तवाला हात लागला की समजतं. पण ज्याचा चटका एकदाच बसतो आणि पुन्हा बसायला माणूस उरत नाही, त्याची भीती मुलाला कोण देणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या भागात तो न भिणाऱ्याच्या पाठी असतो, आणि त्याला घाई नसते.

तो दिवस अगदी साधा होता. दुपार कलायला लागली होती. नरेश रंग आणायला मूलला गेला होता. आम्ही पाच-सहा बाया धान कापत होतो, किसनभाऊ पलीकडे कडपांचं पुंजणं रचत होते. जानू मोहाच्या झाडाखाली पाण्याच्या माठापाशी खेळत होती. झाड माझ्या नजरेच्या टप्प्यात होतं. मी सवयीप्रमाणे कंबर सरळ करायला उठले आणि झाडाकडे पाहिलं, तर ती तिथं नव्हती.

ती नाल्याकडच्या धुऱ्यावर उभी होती. समोर भारी धानाची न कापलेली बांधी. दोन्ही हातांत स्टीलचा गडू, छातीपाशी धरलेला, जपून, सांडू नये असा. ती काहीतरी बोलत होती. मला वाटलं, एकटीच खेळते आहे. मग धानाच्या लोंब्या हलल्या. वारा नव्हता. लोंब्यांच्या मधोमध मला आधी एक कान दिसला, मग दुसरा.

“पाणी घ्या जी जावईबापू,” जानू म्हणत होती. “हातपाय धुवा जी.”

आमच्या अंगणाची रुंदी असेल तेवढंच दोघांत अंतर होतं. माझ्या हातातला विळा कधी पडला मला कळलं नाही.   शेजारची बाई तोंडात पदर कोंबून मटकन खाली बसायला लागली, तिला दुसरीनं काखेत धरून उभं ठेवलं. किसनभाऊंनी लांबूनच हात वर केला होता. हात सांगत होता, ओरडू नका.

आणि मला तर तिला हाक मारायची होती. आई दुसरं काय करणार? पण माझी हाक आली की जानू काय करते ते मला माहीत होतं. मी ‘जानू’ म्हटलं की ती हातातलं टाकून, गिरकी घेऊन, माझ्याकडे धावत सुटते. मला तिचं ते धावणं फार आवडायचं. त्या क्षणी मला कळलं की माझ्या आवाजानंच माझी पोर मरेल. त्याला पाठ करून ती पळाली असती, तर मधे काहीच नव्हतं.

ती पुढच्या पायरीला आली होती. पाणी देऊन झालं, पाहुण्यानं घेतलं नाही, आता पाया पडायचं. तिनं गडू एका हातात घेतला आणि ती वाकायला लागली.

“अवो बाई, थांब! पाया नोको पडू!”

हा आवाज माझ्या तोंडून आला, पण तो माझा नव्हता. तो भागाबाईचा होता, नाकातला, चिरका, संध्याकाळचा. जानू अर्धी वाकलेली तशीच थांबली.

“आज अमावस्या हाय. अमावस्येले जावयाच्या पाया पडत नाईत. उभी राह्य सरळ. हां, अशी.”

ती सरळ झाली. मान वळवून माझ्याकडे बघायला निघाली.

“जावयाले पाठ दाखवते काय वो? घराचं नाक कापते काय? त्यायच्याकडं पाह्य. पाहून राह्य, आणि मांगं मांगं ये. पाणी सांडू नोको देऊ.”

आणि माझी पाच वर्षांची मुलगी, गडू दोन्ही हातांत धरून, वाघाकडे तोंड करून, एक एक पाऊल मागे येऊ लागली. धुरा अरुंद होता. एका ठिकाणी तिची टाच घसरली, थोडं पाणी सांडलं, ती सावरली आणि म्हणाली, “माफ करा जी.” मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. करंज्यांचं काहीतरी, पुऱ्यांचं काहीतरी. गप्प बसले तर ती वळेल एवढंच डोक्यात होतं. तो उठून उभा राहिला तेव्हाही मी बोलत होते. तो उभा राहिल्यावर केवढा होता! आमच्या चादरीचा पट्टेराव कोपरापासून बोटांपर्यंत. हा उठला तर बांधीच उठल्यासारखी वाटली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि नाल्याकडे चालत गेला, सावकाश, जेवण आवडलं नाही म्हणून उठलेल्या माणसासारखा. जानूची पाठ माझ्या गुडघ्यांना लागली तेव्हा मी तिला उचललं. 

ती मात्र नाराज होती. “पाणी पेलेच नाई ना,” म्हणाली. “रुसले काय ते?”

त्या संध्याकाळी बाया तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवत होत्या, किसनभाऊ वाघदेवाला नारळ फोडून आले होते, नरेश कोपऱ्यात डोकं धरून बसला होता, आणि ती सगळ्यांना विचारत होती, जावईबापू परत कधी येतील. तेव्हा खरी भीती सुरू झाली. वाघ गेला होता, पण तिच्यात भीती नव्हती. ती पुन्हा जाणार होती. उद्या, परवा, मी भांडी घासत असताना कधीही. मी तिला फटके दिले, समजावलं, डोळे वटारले. तिनं समजूतदारपणे मान हलवली आणि पुन्हा गडू भरून दाराशी ठेवला.

मॅडमना कळलं तेव्हा त्या फोनवर रडल्या. म्हणाल्या, आता सावधगिरीचा धडा करू या, पट्टेरावाच्याच तोंडून. नरेशनं मन लावून केला. पट्टेराव पडद्यावर आला, चष्मा काढला, गंभीर झाला आणि म्हणाला, मुलांनो, मला भ्या. माझ्याजवळ येऊ नका, मला पाठ दाखवू नका, माझ्यासमोर वाकू नका. आम्ही तो भाग आधी घरी लावून पाहिला. जानू हसून हसून जमिनीवर लोळली. “बाबा, पुन्हा लावा, पुन्हा! पट्टेराव म्हणते मले भ्या!”

नरेशनं फोन बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला पुन्हा बघायचं नाही. ज्याच्या हसवण्यावर घर चाललं, त्याला स्वतःच्या लेकीला घाबरवता येईना.

मग एका दुपारी मी तिला चटईवर बसवलं आणि पट्टेराव तिच्या हातात घातला. तिला आत हात घालायची परवानगी नसायची, डोकं फुटेल म्हणून. ती हरखली.

मी विचारलं, “याच्यात कोणाचा हात असते?”

“बाबाचा.”

“बाबा नसले तं हा चालते काय?”

“नाई.”

“मंग वावरात जो होता, त्याच्यात कोणाचा हात होता?”

“बाबाचा,” ती लगेच म्हणाली.

“बाबा तं मूलले गेले होते.”

तिनं विचार केला. “तं तुह्या.”

“माहे दोन्ही हात तुले दिसत होते ना? मी इकडं होती.”

“किसनआजाचा?”

“नाई वो बाई. त्याच्यात कोणाचाच हात नव्हता. त्याच्यात तोच होता.”

जानू पट्टेरावाकडे बघत राहिली. बटणांच्या डोळ्यांकडे, मिशांकडे. मग तिनं हात हळूच बाहेर काढला, जसा आपण निजलेल्याच्या अंगाखालून काढतो, आणि बाहुली चटईवर ठेवली. रडली नाही. उठली, दाराशी ठेवलेला गडू मोरीत ओतला आणि दार लावून घेतलं. दुपारचं ऊन बाहेर राहिलं. तिचा चेहरा मला कळत नव्हता, कारण तो मी आधी कधी पाहिला नव्हता. कितीतरी दिवस मी हेच मागत होते. मिळालं तेव्हा वाटलं, परत घ्यावं, तिला सांगावं की गंमत केली. मी तसं केलं नाही. तिला मांडीवर घेतलं.

पुढचे काही दिवस ती घरभर विचारत फिरत होती. “आई, कुत्र्यात कोणाचा हात हाय? कोंबड्यात?” कोणाचाच नाही म्हटलं की ती त्या प्राण्यापासून दोन पावलं मागे सरकायची. सगळं जग तिच्यासाठी एकाएकी मोकाट सुटलं होतं.

शाळा उघडल्या, टीव्हीवरची शाळा मिटली. नरेश पुन्हा नाटकात गेला. बाहुल्या पेटीत आहेत. पण संध्याकाळचे ते भाग कुणाकुणाच्या मोबाईलवर अजून आहेत, एकमेकांना पाठवलेले. ते आता कुणाला परत मागता येत नाहीत. परवा शेजारच्या सुनेकडे गेले, तर तिचा दीड वर्षाचा मुलगा घास तोंडात धरून ‘जावई, जावई’ करत होता. मी म्हटलं, हे नको दाखवूस. ती म्हणाली, “अवो, लेकरू त्याच्याशिवाय जेवतच नाई.” मी तिला सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. मुलानं रडं काढलं तेव्हा तिनं पुन्हा लावलं.

आणि या साली पुन्हा धान पिकलं आहे. नाल्याच्या ओल्या मातीत पंज्याचे ठसे आहेत. जंगलखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत जाते, एकट्यानं जाऊ नका, वाकून काम करू नका. वाकल्याशिवाय धान कसं कापायचं ते भोंगा सांगत नाही.

जानू आता पाचवीत गेली आहे. पाचवीची शाळा पलीकडच्या गावाला, मधे सागाचं रान. सकाळी गावातली सगळी पोरं एकत्र निघतात, मोठमोठ्यानं बोलत, कुणी पाढे म्हणत, कुणी ताटली वाजवत. मी कोपऱ्यापर्यंत जाते आणि त्यांचा गोंगाट ऐकत उभी राहते. गोंगाट ऐकू येतो तोवर ठीक असतं. मग तो रानात शिरतो, बारीक होतो आणि संपतो. शाळा सुटून ती दिसेपर्यंतचा वेळ मी कसा काढते ते मलाच माहीत.

आज सकाळी मी कोपऱ्यावर तिचा हात सोडलाच नाही. बाकीची पोरं पुढे गेली, थांबली, ओरडायला लागली. तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, धानाकडे, नाल्याकडे, मग रानाच्या तोंडाकडे, एखाद्या जाणत्या बाईनं बघावं तसं. मग माझी बोटं एकेक करून सोडवली.

“तू नोको भेऊ, आई,” म्हणाली. “मी भेतो ना.”